वाकड्या भिंतीची बाजू

जुन्या इमारतींवर काम करणारे चार आर्किटेक्ट एकत्र बसले आणि लेझर स्कॅनिंगचा विषय निघाला, की त्यांतला वयाने मोठा असलेला एकजण हमखास सुस्कारा टाकतो. यंत्र आलं आणि हात गेला, असा त्या सुस्काऱ्याचा अर्थ. पूर्वी आम्ही टेप घेऊन, गुडघ्यांवर रांगत, माळ्यावर चढून वाडा मोजायचो. मोजता मोजता वाडा कळायचा. आता तिपाईवर एक डबा ठेवतात, तो स्वतःभोवती फिरतो, तोवर पोरं बाहेर चहा पितात आणि संध्याकाळी कोट्यवधी ठिपके हार्ड डिस्कवर घेऊन घरी जातात. शिवाय हे प्रकरण महाग. शिवाय आपल्याकडे गवंड्याचा हात अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतोच, तिथे मिलिमीटरची ऐट कशाला? आणि शेवटी हुकमाचा एक्का : ‘स्कॅन करून ठेवलंय’ एवढं म्हटलं की मालक इमारत पाडायला मोकळा.

हे आक्षेप घेणारी माणसं उथळ नाहीत. सेक्शन कसा काढावा, दगडाचा सांधा कसा वाचावा हे आमच्या पिढीला त्यांनीच शिकवलं. म्हणूनच उत्तर सविस्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं, की त्यांनी चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं आहे. जुन्या इमारतीचं माप खोटं होतं ते तिच्यावर सरळ पट्टी ठेवण्याच्या क्षणी. ही पट्टी टेपच्या काळात ड्रॉइंग बोर्डावर होती, आज ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोजणीपासून डिझाइनपर्यंतच्या सगळ्या साखळीत सरळ रेषेचा मोह नसलेलं साधन एकच आहे, आणि ते म्हणजे तो तिपाईवरचा डबा.

आधी टेपचं गुणगान जरा जवळून पाहू. वाड्याचं माजघर मोजायचं आहे. एकजण टेपचं शून्याचं टोक कोपऱ्यात धरतो. कोपरा म्हणजे काय, तर गिलाव्याचे आणि चुन्याचे थर चढून गोल झालेली जागा. दुसरा टेप ओढत समोरच्या भिंतीपर्यंत जातो. मध्ये कपाट आहे, म्हणून टेप कमरेच्या उंचीवरून जाते आणि मधोमध थोडी झोळ खाते. तो आकडा ओरडतो, तिसरा लिहून घेतो. भिंत खाली एके ठिकाणी आहे, आढ्याकडे दुसऱ्या ठिकाणी, पण आकडा एकच मिळाला. तो आता त्या भिंतीच्या सगळ्या उंचीचा झाला. कर्ण घ्यायला हवेत हे प्रत्येकाला शिकवलेलं असतं. पण कर्णाच्या वाटेत पलंग असतो आणि पलंगावर घरातल्या आजी पडलेल्या असतात. त्या खोलीचे कर्ण राहतात.

रात्री कागदावर मापं मांडली, की ती जुळत नाहीत. आतल्या खोल्या आणि भिंती यांची बेरीज एक, बाहेरून घेतलेली लांबी दुसरी. फरक चार इंचांचा. परत जाऊन मोजायला वेळ नसतो. मग काय करतात ते या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे : ते चार इंच एखाद्या भिंतीत जिरवतात. ज्या भिंतीला दार नाही तिची जाडी थेट मोजताच येत नाही, म्हणून तिच्यावर असा भार टाकला तरी ती तक्रार करत नाही. नकाशा बंद होतो, सुबक दिसतो, छापला जातो. पुढे कुणी अभ्यासक तो पाहतो आणि म्हणतो, ही भिंत इतरांपेक्षा जाड दिसते, म्हणजे ही मूळची बाहेरची भिंत असणार, पलीकडचा भाग नंतर वाढवलेला असणार. एवढा तर्क लढवायला त्या जिरवलेल्या चार इंचांचा आधार पुरतो.

दुसरी गंमत खणांची. वाडा खणांनी मोजतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. विद्यार्थी एक खण मोजतात, फार तर दोन, आणि मग तो ओळीने कॉपी करतात. कागदावर सगळे खण सारखे, सगळे खांब ओळंब्यात, सगळे तळखडे एका रेषेत. प्रत्यक्षात जसं लाकूड मिळालं तशी तुळई बसली, पुढे एखादा खांब कलला, एखादा तळखडा खचला. ‘टिपिकल’ हा शब्द आमच्या व्यवसायाने इतका सैल वापरला आहे, की त्याआड किती न मोजलेलं लपलं आहे याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

यावर एक उत्तर येतं, की इतकं बारीक काय पाहायचं, वाड्याचं ‘वाडेपण’ नकाशात आलं म्हणजे झालं. मला हे अजिबात पटत नाही. इमारतीचा वाकडेपणा हा तिच्या इतिहासाचा पुरावा असतो. अजिंठ्याचं उदाहरण घ्या. वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशकं त्या लेण्यांत घालवली आणि दुसऱ्या टप्प्यातली लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, अवघ्या काही वर्षांत, साधारण इ.स. ४६०-४८०च्या सुमारास कोरली गेली असा सिद्धान्त मांडला. तो मान्य नसलेले विद्वान पुष्कळ आहेत. पण स्पिंक यांनी पुरावा कुठून काढला ते पाहा : दारांच्या झडपा बसवण्यासाठी कोरलेल्या भोकांची पद्धत कशी बदलत गेली, कोणतं काम अर्धवट राहिलं, कुठे आधीचा बेत मोडून नवा बसवला. म्हणजे नेमक्या त्या गोष्टी, ज्या ‘टिपिकल’ नकाशात पहिल्या पुसल्या जातात. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा लेण्यांवरचा मोठा ग्रंथ १८८०चा. त्या आकाराच्या पानावर मावणाऱ्या प्लॅनमध्ये असला बारकावा दिसणं शक्यच नव्हतं. त्यांचा तो दोष नाही. आज आपल्याला शक्य असताना आपण तो बारकावा पुसत असू, तर दोष आपला आहे.

स्पिंक यांच्याकडे स्कॅनर नव्हता, त्यांनी डोळ्यांनीच पाहिलं, असं कुणी म्हणेल. अगदी खरं. डोळ्याला पर्याय नाही हे मला मान्यच आहे. माझा वाद डोळ्याशी नाही, टेपमधून निघालेल्या सुबक नकाशाशी आहे. तो नकाशा डोळ्याने पाहिलेलंही गिळून टाकतो.

आता त्या डब्याकडे वळू. तो लेझरचा किरण सोडतो, फिरत्या आरशावरून चहूकडे फेकतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून अंतर काढतो. काही यंत्रं प्रकाशाला लागलेला वेळ मोजतात, काही लहरींमधला फरक. वेळ मोजून एक मिलिमीटर ओळखायचा, तर सेकंदाचे एक लाख कोटी भाग करून त्यांतल्या जेमतेम सात भागांचा फरक पकडावा लागतो. एका जागेवरून जे दिसत नाही त्यासाठी यंत्र दुसऱ्या जागी ठेवायचं, आणि दोन्हीकडून दिसणाऱ्या खुणा जुळवून सगळे ठिपके एका चौकटीत आणायचे. काच आणि आरसा त्याला फसवतात. ओला, काळा, चकचकीत दगड त्याला नीट उत्तर देत नाही. कडेवर पडलेला किरण अर्धा कडेवरून आणि अर्धा मागच्या भिंतीवरून परत येतो, म्हणून कडांपाशी खोटे ठिपके तरंगतात. गिलाव्याच्या आत काय आहे, लाकूड पोकळ झालंय का, वीट कच्ची की भाजलेली, हे त्याला काही कळत नाही.

टीकाकार ही यादी विजयी मुद्रेने वाचून दाखवतात. पण यातली एक बाब त्यांच्या नजरेतून सुटते. कपाटामागे काय आहे ते स्कॅनरला दिसलं नाही, तर त्या जागी तो काळं भोक ठेवतो. पॉइंट क्लाउड, म्हणजे ठिपक्यांची ती फाइल, उघडला की ‘इथे मी पाहिलेलं नाही’ हे चटकन दिसतं. टेपच्या नकाशात असं भोक कधी पाहिलं आहे का? कपाटामागची भिंत तिथे पेन्सिलच्या त्याच ठाम रेषेने पुढे सरकते. मोजलेलं आणि गृहीत धरलेलं यांची रेषा सारखीच जाड. आपलं अज्ञान उघड ठेवणारं साधन मला त्याहून जास्त भरवशाचं वाटतं.

मिलिमीटरच्या मुद्द्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्याच मुद्द्याला पडतात. प्रश्न मिलिमीटरचा नाहीच. प्रश्न ओळंब्याचा, लेव्हलचा आणि गुण्याचा आहे. समजा वाड्याचा वरचा मजला आहे, खोली चार मीटर बाय पाच मीटर, खाली कडीपाट. मालकाला तिथे अभ्यासिका करायची आहे. जमीन एका बाजूला साठ मिलिमीटर खाली गेली आहे, पण टेपच्या नकाशात हे आलेलं नाही, कारण प्लॅन हा सपाटच असतो. डिझाइन झालं, फरशीचा रंग ठरला. कामाच्या दिवशी गवंडी पाण्याची नळी लावतो आणि म्हणतो, साहेब, माल भरून लेव्हल करावी लागेल. साहेब फोनवरून ‘करा’ म्हणतात. आता हिशेब करा : वीस चौरस मीटर, सरासरी तीस मिलिमीटर जाडी, म्हणजे ०.६ घनमीटर सिमेंटचा माल. वजन सव्वा टनाच्या आसपास. शतकभर जुन्या सागवानी तुळईवर हे नवं ओझं आलं, आणि त्यातलंही सगळ्यात जास्त नेमकं तिथे, जिथे ती आधीच वाकली आहे. त्यावर फरशीचं वजन वेगळंच.

हीच खोली स्कॅन झाली असती, तर जमिनीचा उतार डिझाइनच्या पहिल्या दिवशी टेबलावर असता. मग निमुळत्या लाकडी पट्ट्या टाकून हलकी जमीन करता आली असती. किंवा उतार तसाच ठेवून फर्निचरचे पाय कमीजास्त करता आले असते. किंवा तुळई वाकली का, हा खरा प्रश्न विचारता आला असता. स्कॅनरने यातलं काहीच ठरवलं नाही. त्याने प्रश्न वेळेवर समोर ठेवला. पाण्याच्या नळीनेही हे कळतं, असं कुणी म्हणेल. कळतं, ज्याने नळी लावायचं मनात आणलं त्याला. मापं घ्यायच्या वेळी किती जण मनात आणतात, हे आपण एकमेकांच्या तोंडावर न विचारलेलं बरं.

मजल्यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. टेपने तळमजला वेगळा मोजला, पहिला मजला वेगळा मोजला. हे दोन प्लॅन एकमेकांवर ठेवायचे कशाच्या आधारावर? बाहेरची भिंत खाली-वर एकच आहे, असं धरून. पण जुनी भिंत वर जाताना जाडीने कमी होते, आणि कधीकधी बाहेरही झुकते. वरचा खांब खालच्या खांबाच्या डोक्यावर आहे की अर्धा हात सरकून तुळईच्या मध्यावर, हे टेपच्या दोन प्लॅनवरून सांगताच येत नाही. ते प्लॅन मुळात एकमेकांना कधी भेटलेलेच नसतात. लिफ्टचा तीन मजली कप्पा बसवणाऱ्याला, पोलादी तुळई कारखान्यातून कापून आणणाऱ्याला हे साइटवर कळतं, आणि मग छिन्नी चालते ती जुन्या भिंतीवर. स्कॅन जिन्यातून वर नेला, की दोन्ही मजले एकाच चौकटीत येतात. डिझाइनच्या दृष्टीने माझ्यालेखी स्कॅनिंगचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात तो क्वचितच असतो. तिथे रंगीत ठिपक्यांतून उडत जाणारा व्हिडिओ असतो.

विक्रेत्यांनी या विषयाचं नुकसान केलं आहे, हे टीकाकारांचं म्हणणं मला मान्य आहे. पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळालं तेव्हा काय काय पसरवलं गेलं ते आठवा. म्हणे एका व्हिडिओ गेममधल्या मॉडेलवरून चर्च पुन्हा उभं राहील. तो गेम फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडतो, आणि त्यातल्या नोत्र दामवर एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुकाराने उभारलेला मनोरा डौलात दिसतो. यावरून त्या मॉडेलची अचूकता समजून घ्यावी. खरं स्कॅनिंग होतं ते अँड्र्यू टॅलन यांचं. अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजमध्ये कलेचा इतिहास शिकवणाऱ्या या माणसाने २०१० साली सुमारे पन्नास जागांवरून ते चर्च आतून-बाहेरून मोजलं. अब्जाहून जास्त बिंदू गोळा झाले. त्यातून कळलं, की पश्चिम टोकाकडचे आतले खांब एका ओळीत नाहीत. वरच्या भिंती इतक्या शतकांत फारशा हललेल्या नाहीत, यावरून बाहेरून आधार देणाऱ्या कमानी सुरुवातीपासूनच असाव्यात असा निष्कर्ष टॅलन यांनी काढला. आगीच्या काही महिने आधी, नोव्हेंबर २०१८मध्ये, त्यांचं निधन झालं.

पण छपराचा लाकडी सांगाडा पुन्हा घडवताना मुख्य आधार ठरला तो रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुकारांनी २०१४ साली केलेल्या मोजणीचा. टीकाकार इथे टेबलावर मूठ आपटतात : बघा, हातानेच वाचवलं! चर्च डिसेंबर २०२४मध्ये उघडलं ते कुऱ्हाडीने ताशीव ओकच्या तुळया घेऊन, ठिपके घेऊन नव्हे.

थांबा. त्या दोघांनी काय केलं ते नीट पाहा. त्यांनी एक कैची मोजून तिच्या पुढे ‘टिपिकल’ लिहिलं नाही. मध्ययुगातल्या त्या सांगाड्यातलं प्रत्येक लाकूड वेगळ्या झाडाचं, वेगळ्या वळणाचं. त्यांनी सांगाडा तसाच नोंदवला, सांधे कसे कापलेत ते पाहिलं आणि दुरुस्त्या कुठे झाल्यात ते शोधलं. स्कॅनर सांध्याच्या आत पाहू शकत नाही, म्हणून तिथे माणूस लागलाच. पण त्यांच्या मोजणीची थोरवी हात वापरण्यात होती, असं म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे. थोरवी होती ती सरासरी काढायला दिलेल्या नकारात. तोच नकार टॅलन यांच्या स्कॅनमध्येही होता. तिघेही पट्टीच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत. आपल्याकडे ज्यांच्या नकाशात सगळे खण सारखे, त्यांनी फ्रोमाँचं नाव घेऊन टेपची तरफदारी करावी, याला काय म्हणावं?

हात विरुद्ध यंत्र ही लढाई मुळातच बनावट आहे. आर्किटेक्ट फ्रँक गेरींच्या ऑफिसात नव्वदच्या दशकात कागद-लाकडाची हाताने केलेली मॉडेलं बिंदूबिंदूने मोजून संगणकात घेत, आणि विमानं बनवणाऱ्यांसाठी तयार झालेल्या कातिया या सॉफ्टवेअरमध्ये ती उभी करत. बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ला उघडलं ते त्या वाटेने. ती इमारत आवडो न आवडो (मला तिच्या पायाशी उभं राहून पाहण्यापेक्षा नदीपलीकडून घेतलेले तिचे फोटो बरे वाटतात), मोजणारं यंत्र तिथे हाताच्या चाकरीत होतं. मॉडेल सरळ करून घ्या, असं यंत्राने गेरींना सांगितलं नाही.

सरळ करा असं सांगणारं दुसरंच कुणी आहे. स्कॅन झाल्यावर त्या ठिपक्यांचं काय होतं? ते एका फाइलमधून दुसऱ्या गावी जातात. पुण्यात, अहमदाबादेत, अशा कितीतरी शहरांत ऑफिसं आहेत जिथे परदेशातल्या इमारतींचे पॉइंट क्लाउड येतात आणि त्यांवरून बिम मॉडेल, म्हणजे इमारतीचं माहितीसह त्रिमितीय मॉडेल, काढून परत पाठवलं जातं. आता देशी इमारतींचंही तसंच होऊ लागलं आहे. काम करणारी मुलं हुशार असतात, पण इमारत त्यांनी पाहिलेली नसते आणि पाहण्याची शक्यताही नसते. ठिपक्यांची भिंत पोट सुटल्यासारखी फुगलेली दिसते. मुलगा त्यावर सॉफ्टवेअरमधली ‘वॉल’ ओढतो. ही वॉल जन्मतःच सरळ, उभी आणि सगळीकडे सारख्या जाडीची. रेव्हिटसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कललेली भिंत काढायची थेट सोय आली ती २०२१च्या आवृत्तीत. निमुळती भिंत त्याच्या पुढच्या वर्षीच्या. तोवर जगातली प्रत्येक भिंत ओळंब्यात आहे, असा त्या सॉफ्टवेअरचा समज होता. सोय आली तरी सवय गेलेली नाही. दिवसाला किती चौरस फूट काढले यावर जिथे कामाचा हिशेब होतो, तिथे फुगवट्यासाठी थांबणं कुणालाच परवडत नाही.

मग ते मॉडेल आर्किटेक्टकडे येतं. स्वच्छ, हलकं, वापरायला सोपं. मूळ ठिपक्यांची फाइल जड असते, संगणक अडखळतो, म्हणून ती बाजूला राहते. डिझाइन होतं ते सरळ मॉडेलवर, आणि साइटवर पुन्हा तोच प्रसंग : गवंडी नळी लावतो, साहेब फोनवर ‘करा’ म्हणतात. फरक इतकाच, की या वेळी नकाशाच्या कोपऱ्यात ‘लेझर स्कॅनवर आधारित’ असं लिहिलेलं असतं, म्हणून कुणी शंकाही घेत नाही. टीकाकारांनी खरं तर इथे तुटून पडायला हवं होतं. पण इथे तुटून पडायचं, तर आपल्या ऑफिसातल्या मुलाला ‘भिंत सरळ करून टाक’ असं सांगणारा आवाज कुणाचा होता, हेही पाहावं लागेल.

विद्यार्थ्यांचं काय? मोजताना इमारत कळते, ती संधी आपण हिरावून घेतो आहोत, हा आक्षेप मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा वाटतो. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या ‘नासा’ या संघटनेत डॉक्युमेंटेशनसाठी लुई कान यांच्या नावाची ट्रॉफी आहे. त्या स्पर्धेसाठी मुलं गावंच्या गावं पालथी घालतात. त्यातून खूप काही शिकतात हे खरं. पण कोण शिकतं? गटातले बहुतेक जण टेप धरतात, आकडे ओरडतात आणि ऊन खातात. इमारत कळते ती चित्र काढणाऱ्याला, आणि चित्र काढणारे एक-दोनच असतात. टेप धरल्याने ज्ञान येत असतं, तर शिंपीदादा मनुष्यदेहाचे पंडित झाले असते.

त्यापेक्षा असं करून पाहा. आधी स्कॅन करा, दर्शनी भिंतीचा आणि सेक्शनचा सरळ छापा मोठ्या कागदावर काढा, आणि तो कागद प्रत्येक मुलाच्या हातात देऊन त्याला परत इमारतीपाशी उभं करा. आता आकड्यांचं काम झालेलं आहे. दगडाचा थर कुठे बदलला, चुना कुठे गेला आणि सिमेंट कुठे आलं, कडीचं टोक कुजलंय का, पाणी कुठून मुरतंय, सुताराच्या वाकसाचे घाव कोणत्या लाकडावर दिसतात आणि कोणत्यावर करवतीचे, हे सगळं त्या छाप्यावर पेन्सिलने उतरवायचं. चांगल्या संवर्धन-मोजणीत जगभर असंच काम चालतं. यात हात आहे, डोळा आहे, गुडघ्यावर रांगणंही आहे. फक्त टेपची झोळ नाही.

खर्चाबद्दल फार बोलत नाही. चांगलं यंत्र आजही लाखांच्या घरात जातं, काही तर चारचाकीहून महाग. पण ते विकत घ्यायलाच हवं असं नाही. मोजणी करून देणारे आहेत, भाड्यानेही मिळतं. २०२०पासून काही फोनमध्येही लिडार, म्हणजे लेझरने अंतर मोजायची सोय, आलं आहे. त्याचा पल्ला काही मीटरचा आणि चूक सेंटिमीटरांची, त्यामुळे त्यावरून पोलादी तुळई कापायला कुणी जाऊ नये. पण टेपने जिरवलेल्या चार इंचांशी तुलना केली तर तेही बिचारं प्रामाणिक ठरतं.

उरला हुकमाचा एक्का. ‘स्कॅन आहे, आता पाडा’ हा युक्तिवाद मीही ऐकला आहे आणि तो निर्लज्ज आहे. युगांडातल्या कासुबीच्या राजसमाधींचं लेझर स्कॅनिंग २००९मध्ये झालं, मार्च २०१०मध्ये मुख्य इमारत जळाली. नेमकी मापं हातात होती. तरीही ती उभी राहायला दशकाहून जास्त काळ लागला. युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीतून ती बाहेर आली २०२३ साली. गवताचं छप्पर शाकारण्याचा मान आणि ज्ञान तिथे एका विशिष्ट कुळाकडे आहे, आणि ते कुठल्याही फाइलमध्ये नव्हतं. तेव्हा स्कॅन म्हणजे जतन, असं जो म्हणतो तो एकतर अज्ञानी किंवा बिल्डरच्या पगारावर. पण या पापाचा धनी स्कॅनर कसा? पाडण्याचा परवाना देणारी सही माणसाची असते. स्कॅन नसता तर त्याच माणसाने टेपच्या नकाशावर, किंवा चार फोटोंवर, तीच सही केली असती. आपल्या शहरांतले कितीतरी वाडे स्कॅनर यायच्या आधीच गेले. त्यांच्यासाठी कुणाला कसलं निमित्त लागलं नव्हतं.

म्हणून माझी विनंती स्कॅनिंगच्या विरोधकांना नाही, ते करून घेणाऱ्यांना आहे. त्यात आर्किटेक्ट आले, इमारतींचे मालक आले, महापालिकांच्या हेरिटेज समित्या आल्या. मोजणीचं काम देताना फक्त मॉडेल घेऊन गप्प बसू नका. मूळ ठिपके ई-५७सारख्या, कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला न बांधलेल्या स्वरूपात मागून घ्या आणि एकाहून जास्त ठिकाणी जपा. मॉडेल ठिपक्यांपासून कुठे किती दूर गेलं आहे, हे रंगांनी दाखवणारा नकाशा मागा. तो काढायला फार वेळ लागत नाही, आणि भिंत कुणी कुठे सरळ केली ते त्यात लगेच दिसतं. जे स्कॅनरला दिसलं नाही तिथली रेषा तुटक काढायला लावा. मॉडेल काढणाऱ्या मुलाला निदान एकदा इमारतीत न्या. खाचखळगे, फुगवटे, कललेले खांब नकाशात उतरेपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका, आणि हे सगळं करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन मिळालं तर शेवटचा हप्ता अडवून ठेवा.